"हेड उतरवल्याशिवाय कॅम निघत नाही, साहेब"

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, कॅम म्हणजे त्यातला व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. या एका वाक्यावर मी माझी गाडी तीन आठवडे एका परक्या मेकॅनिकच्या हवाली केली. वाक्य साफ खोटं होतं. तेव्हा मला ते कळलं नाही, कारण गाडीची कागदपत्रं मी जपून ठेवली होती, पण वर्कशॉप मॅन्युअल उघडायचे कष्ट कधी घेतले नव्हते.

गाडी जॅग्वार मार्क २, इंजिन ३.८ लिटरचं. हे १९४८ साली एक्सके १२० या जॅग्वारच्याच गाडीबरोबर जगासमोर आलेलं तेच सहा सिलिंडरचं घराणं: वर दोन कॅमशाफ्ट, एक इनलेटचा (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा), एक एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणाऱ्यांचा), दोन्ही चेनवर फिरणारे. दिसायला देखणं, आणि चांगलं ठेवलं तर वर्षानुवर्षं कुरकुर न करणारं.

माझ्या इंजिनात वरच्या बाजूने टकटक सुरू झाली होती. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून पाहिलं तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा कॅमपासूनचा गॅप ०.०१० इंचापर्यंत गेलेला. थंड इंजिनात इनलेटला ०.००४ आणि एक्झॉस्टला ०.००६ हवा. या इंजिनात गॅप स्क्रू फिरवून बसवता येत नाही. कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये टॅपेट नावाची वाटी असते, तिच्याखाली एक छोटी चकती असते, शिम, आणि ती बदलायची तर कॅमशाफ्ट बाहेर काढावाच लागतो. एवढं मला माहीत होतं. तो कसा निघतो हे माहीत नव्हतं, आणि समोरच्याने नेमकी तीच फट हेरली.

त्या मेकॅनिकना मी इथे उस्ताद म्हणतो. बोलणं इतकं गोड की आपण शंका घेतो याचीच आपल्याला लाज वाटावी. इंजिनावर कान ठेवल्यासारखं करून म्हणाले, "साहेब, कॅम घासलेत. हेड उतरवावं लागेल, व्हॉल्व्ह ग्राइंड करू, कॅमला पॉलिश आणि हार्डनिंग करू. आणि याला खास हत्यार लागतं, ते मागवायला आधी पैसे द्यावे लागतील." मी विचारलं, काम चालू असताना एकदा येऊन बघू का? "कशाला हात काळे करता, साहेब?" मी हसलो. तिथेच गाडी परत न्यायला हवी होती.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. टकटक बंद. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, इतकी मऊ की बॉनेटवर नाणं उभं ठेवावं. बिलात हेड उतरवणे-बसवणे, गॅस्केट सेट, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, कॅमचं हार्डनिंग आणि 'स्पेशल टूल' असं सगळं ओळीने लिहिलेलं. मी खुशीत पैसे मोजले आणि वर चार लोकांना त्यांचं नावही सुचवलं. या शेवटच्या गोष्टीचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

पहिली शंका रस्त्यावर आली. तीन हजार आरपीएमपर्यंत सगळं ठीक, पण चार हजारांच्या पुढे गाडीचा दमच संपायचा. पूर्वी तिथूनच तर खरी मजा सुरू व्हायची. कार्बोरेटर पाहिले, इग्निशन टायमिंग पाहिलं, प्लग बदलले. काही उपयोग नाही. उस्तादांना फोन केला तर म्हणाले, "नवीन काम आहे साहेब, सेट व्हायला वेळ लागतो." महिनाभर मी तेही मानलं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मॅन्युअल घेऊन बसलो. कॅमशाफ्ट काढण्याचं प्रकरण वाचलं आणि पोटात गोळा आला. त्यात हेड उतरवण्याचा उल्लेखच नाही. कॅम जागेवरच, हेड बसलेलं असताना निघतात. शिम बदलणं हे तर या इंजिनाचं नेहमीचं काम आहे. त्यासाठी दर वेळी हेड उतरवायला लागलं असतं तर या गाड्या कुणी ठेवल्याच नसत्या.

मग मी बॉनेट उघडून आधी फक्त पाहिलं. हेड धरून ठेवणारे १४ मोठे डोम नट असतात, शिवाय पुढच्या टोकाला ६ लहान नट. त्यांच्या बुडाशी वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून झालेली काळी कडा जशीच्या तशी. पाना लागला असता तर ती तुटलीच असती. आणि कूलंट? हेड उतरवायचं तर पाणी काढावंच लागतं. माझ्या रेडिएटरमध्ये तोच जुना गंजकट रंग होता, आणि बिलात नवीन कूलंटची ओळच नव्हती. सगळी खोटी कामं लिहिताना तेवढी एक लिहायची राहून गेली असावी.

म्हणजे हेड उतरलंच नव्हतं. मग व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि हेड गॅस्केटचं काय झालं, हे वेगळं सांगायला नको.

हे कळल्यावर गप्प बसवेना. कॅम मी स्वतःच काढायचं ठरवलं. ते कसं निघतात हे इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हे माहीत असतं तर पहिल्याच दिवशी मी उस्तादांना नमस्कार करून निघालो असतो.

कॅम कव्हरचे डोम नट काढले की दोन्ही कॅम समोर दिसतात. सगळ्यात आधी चेनच्या खोबणीत स्वच्छ फडकं कोंबायचं. तिथून एखादा स्क्रू खाली पडला तर संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, काढायची वेळ येते. मग सहा नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर अगदी वर आणायचा. जॅग्वार सिलिंडर मागून मोजते, त्यामुळे सहा नंबर म्हणजे सगळ्यात पुढचा. मीही आधी उलटंच मोजलं होतं. या स्थितीत दोन्ही कॅमच्या पुढच्या भागातली खाच सरळ वर येते आणि टायमिंगची सपाट पट्टी तिच्यात चपखल बसते.

हेडच्या पुढचं ब्रीदर काढलं की चेन ताणणाऱ्या चाकाची दातेरी चकती दिसते. तिचा लॉकनट सैल करायचा, मधली पिन आत दाबायची आणि चकतीच्या दोन भोकांत दोन बोटांचं हत्यार घालून ती फिरवायची. चेन सैल पडते. प्रत्येक स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) कॅमला दोनच स्क्रूंनी धरलेलं असतं आणि त्यांना लॉकिंग वायर असते. वायर कापायची, हाताशी येणारा एक स्क्रू काढायचा, इंजिन फिरवून दुसरा वर आणायचा आणि तो काढायचा. स्प्रॉकेट चेनसकट आपल्या ब्रॅकेटवर वर सरकतं आणि तिथेच लटकतं. यानंतर इंजिन किंवा कॅम अजिबात फिरवायचा नाही. या हेडमध्ये इनलेट आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह तिरके, एकमेकांकडे झुकलेले असतात. एकच कॅम फिरवला तर ते आपसात किंवा पिस्टनवर आदळून वाकतात.

राहिल्या बेअरिंग कॅप, कॅमला वरून धरून ठेवणाऱ्या. एका कॅमला चार कॅप, आठ नट. घाई इथेच नडते. स्प्रिंगचा दाब कॅमला वर ढकलत असतो, म्हणून प्रत्येक नट एकेक फेरा, आळीपाळीने सैल करायचा. एका टोकाचे नट आधी काढून टाकले तर सगळा भार दुसऱ्या टोकावर येतो. कॅपवर नंबर असतात, आणि ज्या नंबरची कॅप त्याच जागी बसली पाहिजे.

माझ्या एक्झॉस्ट कॅमवर २ आणि ३ नंबरच्या कॅपची अदलाबदल झालेली होती. उस्तादांच्या कारागिरीचा हा पहिला लेखी पुरावा.

बारा टॅपेट चुंबकाने उचलले आणि बारा खणांच्या डबीत ओळीने ठेवले. शिमवर अक्षर असतं: ए म्हणजे ०.०८५ इंच, पुढच्या प्रत्येक अक्षराला ०.००१ जास्त, झेड म्हणजे ०.११०. गॅप ०.०१० आहे आणि ०.००६ हवा, तर शिम ०.००४ ने जाड, म्हणजे उदाहरणार्थ एफ काढून जे घालायची. एवढाच हिशेब. माझं मूळ काम एवढंच होतं.

आता खरी गोष्ट. हातात आलेला कॅम मला ओळखीचा वाटेना. व्हर्निअर घेतला. लोबच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या कॅमवरच्या उंचवट्याच्या, टोकापासून पाठीपर्यंतची उंची मोजली आणि त्यातून पाठीच्या वर्तुळाचा व्यास वजा केला. उरलेला आकडा म्हणजे लिफ्ट. या इंजिनात कॅम थेट टॅपेटवर दाबतो, त्यामुळे व्हॉल्व्हही जवळजवळ तेवढाच उघडतो. ३.८ च्या कॅमची लिफ्ट ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. माझ्या हातातल्या कॅमची आली ७.९. दुसरा लोब ७.९. तिसराही. दोन्ही कॅमचे मिळून बाराच्या बारा लोब ७.९.

झीज अशी नसते. घासलेल्या कॅममध्ये एखादा लोब बसलेला असतो, शेजारचा बरा असतो. बाराही एकसारखे कमी भरले, म्हणजे ते घासलेले नव्हते, ते मुळातच वेगळे होते. ७.९ मिलिमीटर म्हणजे ५/१६ इंच, सुरुवातीच्या एक्सके १२० मध्ये असायची तीच कमी लिफ्ट. ते कॅम या हेडमध्ये बसतात, इंजिन चालतं, आयडलिंग तर छानच होतं. फक्त वरच्या आरपीएमला इंजिनाला श्वास पुरत नाही. माझे ३/८ चे कॅम कुणाच्या तरी गाडीत गेले होते आणि त्या जागी हे आले होते. वर हार्डनिंगचे पैसेही मीच दिले.

कॅम कापडात गुंडाळून घेऊन गेलो. उस्तादांनी कॅमकडे पाहिलं, व्हर्निअरकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "कंपनीनेच त्या वर्षी असे टाकले असतील." मार्क २ बाजारात आली १९५९ मध्ये. मी म्हटलं, त्या आधीच ३/८ आले होते. "मग आधीच्या मालकाने बदलले असतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी देण्याआधीचा लोबचा एकही फोटो नाही, एकही माप नाही. कव्हर उघडायला दहा मिनिटं लागतात. कॅमचे, कॅपवरच्या नंबरांचे फोटो, दोन-तीन लोबची मापं आणि नटवर रंगाचा एखादा ठिपका, एवढं केलं असतं तर त्यांना हे बोलता आलं नसतं. जुनं गॅस्केट आणि जुन्या शिम मागून घेतल्या असत्या, तर बहुधा तिथेच त्यांची त-त-प-प झाली असती.

हेडबद्दल मात्र त्यांना बोलता आलं नाही. डोम नटचे फोटो दाखवले, कूलंटचा विषय काढला, तेव्हा त्यांनी मागे उभ्या असलेल्या पोराला उगाच झापलं आणि गॅस्केट-ग्राइंडिंगचे पैसे परत केले. कॅम नाही ते नाहीच. माझ्या मूळच्या जोडीचा आजही पत्ता नाही. एका जाणकार मित्राच्या ओळखीतून ३/८ ची दुसरी जोडी मिळाली, ती घेण्याआधी मी विक्रेत्यासमोर बाराही लोब मोजले. तो वैतागला, मी मोजत राहिलो.

निघताना मी म्हटलं, उस्ताद, ज्या खास हत्याराचे पैसे मी भरले ते तरी द्या, ते माझं आहे. ते आत गेले, बराच वेळ खुडबुड ऐकू आली, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी माझ्या हातात ठेवली. लोखंडी पट्टीच्या तुकड्यावर वेल्ड केलेले दोन खिळे. नवीन जोडी बसवताना चेन मी त्यानेच ताणली. अगदी छान चालतं.