इझमीरहून समुद्राकडे: चेश्मे की सेफेरीहिसार?

तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात आलेले लोक समुद्रासाठी सहसा चेश्मे गाठतात. तिथल्या इलिजा किनाऱ्याची पांढरी वाळू, उथळ निळं पाणी, जवळच्या अलाचातीचं विंडसर्फिंग. नुसतं पोहायचं असेल तर तेच बरं. उन्हाळ्यात मात्र गर्दीही फार आणि भावही चढे.

माझा कौल सेफेरीहिसारला. २००९ मध्ये ते तुर्कस्तानातलं पहिलं ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ जीवन जपणारं गाव ठरलं. तिथल्या सिगाजिकला रविवारी चक्क किल्ल्याच्या तटबंदीत बाजार भरतो. दगडी घरांच्या दारातच बायका द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेले सारमा आणि मँडरिन संत्र्यांचा मुरंबा मांडून बसतात. सकाळी लवकर पोचा, दुपारी गल्ल्यांतून चालता येत नाही. मग जवळच्या तेओस या प्राचीन ग्रीक नगरीला जा: ऑलिव्हच्या झाडांत डायोनिसस या ग्रीक मद्यदेवतेच्या मंदिराचे अवशेष आहेत, आणि तिथे निवांत फिरता येतं.