एडीएचडी आणि महिन्याची बिलं: रिमाइंडर की ऑटोपे?

एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड करणारी मेंदूच्या विकासाशी संबंधित स्थिती) असलेल्या माणसाला ‘लक्षात ठेव’ सांगून काही होत नाही. अडचण आळसाची नाही, वर्किंग मेमरीची, म्हणजे गोष्टी तात्पुरत्या डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेची असते. रिमाइंडर वाजतो तेव्हा हातात दुसरं काम असतं. तो बाजूला सारला की बिल डोक्यातूनच जातं. ऑटोपेला, म्हणजे बिलाचे पैसे खात्यातून आपोआप कापले जाण्याच्या सोयीला, तुमच्या लक्षाची गरज नसते, म्हणून वीजबिल आणि क्रेडिट कार्डासाठी माझं मत ऑटोपेलाच. कार्डावर मात्र ‘किमान देय’ नव्हे, ‘एकूण देय’ निवडा, नाहीतर उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं.

ओटीटीसारख्या वर्गण्यांना रिमाइंडरच बरा. भरायचं विसरलात तर फार तर सेवा थांबेल. ऑटोपे मात्र न वापरलेल्या सेवेचेही पैसे कापत राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण तीही इतर मेसेजांच्या गर्दीत सहज हरवते.