एच५पी : आधी कागदावर आखा, मग बनवा

इन्स्ट्रक्शनल डिझाइन (धडे आखण्याचं शास्त्र) शिकताना ॲडीचे पाच टप्पे (विश्लेषण ते मूल्यमापन) आणि ब्लूमची उतरंड (आठवण्यापासून नवं घडवण्यापर्यंतच्या शिकण्याच्या पायऱ्या) पटकन पाठ होते. घोडं अडतं ते प्रत्यक्ष धडा बांधताना. त्या सरावासाठी एच५पी हे संवादी धडे बनवण्याचं साधन उत्तम. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, मूडल (ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली) आणि वर्डप्रेस, ड्रुपल या संकेतस्थळं बनवण्याच्या प्रणालींवर चालतं. यांतलं काहीच हाताशी नसेल, तर ल्युमी हा मोफत एडिटर संगणकावर टाकून घ्या. त्यातून धडा एचटीएमएल फाइल म्हणून बाहेर काढता येतो. मात्र ती फाइल नुसतीच वाटली, तर मूडलच्या गुणपत्रकात काही उमटत नाही.

एच५पीत धड्यांचे प्रकार पन्नासच्या आसपास आहेत आणि इथेच नवखा माणूस भरकटतो. फिरणारी कार्डं, शब्दकोडी दिसायला छान, पण बहुतेक नुसती आठवण तपासतात. कामावर निर्णय घ्यायला शिकवायचं असेल तर ‘ब्रँचिंग सिनॅरिओ’ (निवडलेल्या पर्यायानुसार पुढची वाट बदलणारा धडा) घ्या. समजा उद्दिष्ट आहे : चिडलेल्या ग्राहकाची तक्रार ऐकून योग्य विभागाकडे पाठवणे. तीन प्रसंग, प्रत्येकी तीन पर्याय. प्रत्येक पर्यायाला वेगळी वाट दिली तर १३ प्रश्न आणि २७ शेवट लिहावे लागतात. तिसऱ्या प्रसंगापर्यंत कुणाचाही उत्साह टिकत नाही. त्यापेक्षा चुकीच्या पर्यायावर परिणाम दाखवणारा एक पडदा ठेवा (ग्राहक फोन आपटतो, वरिष्ठांचा मेल येतो) आणि तिथून पुढच्या प्रसंगाला जोडा. मग तीन प्रश्न, सहा परिणाम आणि एक-दोन शेवट एवढ्यात काम भागतं. ही जोडणी कागदावर पक्की झाल्याशिवाय एडिटर उघडू नका. आत गेल्यावर फांद्या हलवणं वैतागवाणं आहे. आणि ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असा अभिप्राय लिहायचा असेल, तर ब्रँचिंगचा खटाटोप हवा कशाला?

‘इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ’ (मध्येमध्ये प्रश्न येणारा व्हिडिओ) हाही कामाचा. प्रश्न मुद्दा संपल्यावर टाका, बोलणाऱ्याचं वाक्य तोडून नव्हे, आणि व्हिडिओ थांबवण्याची खूण तपासा. चुकीच्या उत्तरावर संबंधित सेकंदाला मागे नेण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. पूर्ण गुण मिळेपर्यंत अडवून धरणारा पर्याय मात्र टाळलेला बरा : लोक व्हिडिओ बघायचं सोडून एकेक पर्याय दाबत सुटतात. गुण जमा करण्याचा पडदा अगदी शेवटच्या सेकंदाला ठेवू नका. समारोप सुरू झाला की बरेच जण टॅब बंद करतात आणि त्यांचे गुण पोहोचतच नाहीत.

रिकाम्या जागांचा प्रकार मराठीत जरा त्रास देतो, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही चूक धरला जातो. एडिटरमध्ये उत्तर दोन ताऱ्यांच्या (*) मध्ये लिहितात; तिथे तिरकी रेघ (/) देऊन सगळी ग्राह्य रूपं लिहा आणि किरकोळ चुका चालवून घेण्याचा पर्याय सुरू करा. ‘ड्रॅग अँड ड्रॉप’ (ओढून योग्य जागी सोडायचा प्रकार) मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बोटाखाली हरवतं. शिकणारे फोनवर असतील तर सरळ बहुपर्यायी प्रश्न द्या.

एक मोठी मर्यादा : उत्तरं शिकणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच तपासली जातात, म्हणजे जाणकाराला ती पानाच्या कोडमध्ये सापडतात. धड्याखालचं ‘रियूज’ बटण चालू राहिलं, तर अख्खी फाइल उत्तरांसकट उतरवता येते. ते सेटिंगमधून बंद करा आणि तरीही गुणांकनाच्या परीक्षेला एच५पी वापरू नका. सरावाला हवं तेवढं वापरा.