जावा-येझदीची पुनर्बांधणी: जुना मूळ भाग की नव्याने बनवलेला?

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील उत्पादन १९९६ साली थांबल्यामुळे जुनी जावा किंवा येझदी मोटारसायकल पुन्हा उभी करणाऱ्यापुढे दोन पर्याय उरतात: भंगारातून मिळवलेला मूळ भाग दुरुस्त करून वापरणे, किंवा हल्ली नव्याने बनवलेला भाग विकत घेणे.

टाकी, मडगार्ड यांसारख्या पत्र्याच्या भागांत माझा कौल जुन्यालाच आहे. पोचे काढून, गंज घालवून, निकेलवर क्रोमचा मुलामा दिला की मूळ भाग जागेवर नेमका बसतो. नव्या मडगार्डाची भोके मात्र पुष्कळदा जुळत नाहीत आणि कानस हाती घ्यावी लागते.

इंजिनाचा न्याय वेगळा आहे. या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, क्रँक सामावणाऱ्या कवचात) दाबले जात असल्याने झिजलेल्या ऑइल सीलमधून बाहेरची हवा शिरली, तर मिश्रण पातळ होऊन (म्हणजे त्यात पेट्रोल कमी, हवा जास्त होऊन) पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून सील, बेअरिंग आणि रिंगा नव्याच हव्यात. सिलिंडर मात्र मूळचाच रीबोअर करून (म्हणजे आतून किंचित मोठा कातून) त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा. क्रँककेसचे दोन अर्ध जोडीनेच घ्यावेत, कारण वेगवेगळ्या इंजिनांचे अर्ध एका रेषेत येतीलच असे नाही.

केबल, रबर, वायरिंग यांत जुन्याचा हट्ट व्यर्थ आहे.

शिवाय कागदपत्रांचा प्रश्न आहेच: दुसऱ्या इंजिनाचा क्रँककेस बसवला की आरसी पुस्तकातला इंजिन क्रमांक जुळत नाही, आणि पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीकरिता वाहन मूळ स्वरूपात असावे लागते.