रेल्वेलाइनलगतचं घर: तिन्ही ऋतू राहून झाल्यावरचा अनुभव

कासारवाडीत रुळांना लागून असलेल्या सोसायटीत आम्ही गेल्या उन्हाळ्यात टू बीएचके घेतला. उन्हाळा, पावसाळा, थंडी असे तिन्ही ऋतू इथे काढले. पुणे–लोणावळा मार्गालगत, म्हणजे खडकी, दापोडीपासून आकुर्डी, देहूरोडपर्यंत घर शोधणाऱ्या बऱ्याच ओळखीच्यांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. घर मला आवडतं. घ्यावं की नाही याचं उत्तर मात्र गाड्या किती जातात यावर अवलंबून नाही. झोपायची खोली कुठल्या बाजूला आहे आणि ड्रायव्हर हॉर्न कुठे वाजवतो, यावर आहे.

फ्लॅट दाखवताना एजंट म्हणाला होता, “मॅडम, आठ दिवसांत सवय होते, मग गाडी गेलेली कळतही नाही.” हे अर्धंच खरं आहे. चाकांच्या एकसुरी आवाजाची सवय खरोखर होते. लोकल येते-जाते, आमची मुलगी झोपेत कूसही बदलत नाही. हॉर्नची सवय मला अजून झालेली नाही आणि होईल असं वाटत नाही. तो अचानक येतो, आणि माणसाला दचकवण्यासाठीच तर तो असतो. फाटकाच्या 600 मीटर आधी रुळाकडेला ‘सी/फा’ (सीटी/फाटक) लिहिलेली पाटी असते, तिथून ड्रायव्हरला शिटी द्यावीच लागते. शिवाय वळणावर, स्टेशनजवळ, आणि जिथे लोक शॉर्टकट म्हणून रूळ ओलांडतात तिथेही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा आधी रुळांच्या भिंतीला भगदाड आहे का ते बघा. भगदाड असेल तिथे माणसं घुसतात, आणि माणसं घुसतात तिथे हॉर्न वाजतो. रेल्वे कायद्याच्या 147 कलमाखाली असं घुसणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तरी लोक जातातच. लहान मुलं असतील तर त्या भगदाडाची काळजी वेगळीच.

दुसरं, मालगाडी. दिवसा गाडी जाते तेव्हा रस्त्याची वाहनं, मिक्सर, टीव्ही असं बरंच काही चालू असतं. रात्री दोनला लांबलचक मालगाडी जाते तेव्हा फक्त तीच असते. तिचा घरघराट जाडा असतो, भिंतीतून येतो, आणि मांडणीतली ताटं किणकिणतात. थंडीत हे जास्त जाणवतं, कारण रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता लांबवर पसरतो. घर मे महिन्यातल्या भर दुपारी बघून व्यवहार करू नका. दुपारी लोकलही विरळ असतात, त्यामुळे त्या वेळी सगळं शांतच वाटतं. एकदा रात्री अकरानंतर जा, त्या इमारतीत कोणी ओळखीचं असेल तर तिथे मुक्कामच करा.

निवासी भागासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. फोनवरचं अ‍ॅप अचूक नसतं, पण खिडकी उघडी आणि बंद यातला फरक त्यात कळतो. साधारण दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो.

खिडक्यांवर खर्च करा, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. बिल्डरने दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत पट्ट्यांमधून फट राहतेच, आणि हवा शिरते तिथून आवाजही शिरतो. आम्ही रुळाकडच्या बेडरूमला दाराप्रमाणे उघडणारी, चारही बाजूंनी रबर दाबून बसणारी यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची) खिडकी लावली, लॅमिनेटेड, म्हणजे मधे पातळ थर घालून जोडलेल्या दुहेरी काचेची. फरक पहिल्याच रात्री कळला. जाड पडद्यांनी फार काही साधत नाही, आणि सोसायटीने लावलेल्या अशोकाच्या रांगेने तर नाहीच. मात्र खिडकी घट्ट बंद म्हणजे एप्रिलमध्ये एसी आलाच, तो खर्च आधीच धरा. बाहेरून खिडकीचं रूप बदलतं म्हणून सोसायटीची लेखी परवानगीही घ्या.

वरचा मजला घेतला की आवाज कमी, असंही लोक समजतात. खालच्या मजल्याला निदान कंपाउंडच्या भिंतीचा आडोसा असतो. चौथ्या-पाचव्या मजल्यावर रूळ सरळ दिसतात, आणि रूळ दिसतात तिथे आवाजही सरळ येतो.

धूळ आहे. साधी धूळ नव्हे, तपकिरी. चाकं, रूळ आणि ब्रेक झिजून उडणारे लोखंडाचे कण त्यात असतात, पांढरे कपडे बाल्कनीत वाळत घातले की कळतं. सासूबाईंनी तुळस मागच्या बाजूला हलवली ती त्यामुळेच.

आता जे मनापासून आवडतं ते. समोर कोणाची भिंत नाही. पुण्यात आज पैसे मोजूनही न मिळणारी गोष्ट म्हणजे खिडकीसमोरचं आकाश, आणि ते आम्हाला मिळालंय. पावसाळ्यात वारा थेट घरात येतो. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, ती खालून गेली की मुलीला रिक्षेसाठी खाली उतरायची वेळ झाली, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. 1930 पासून धावणारी गाडी रोज आपल्या खिडकीखालून जाते, याचा मला खरोखर आनंद होतो. मेट्रोचं स्टेशन चालत गाठता येतं. सप्टेंबर 2024 मध्ये मार्ग स्वारगेटपर्यंत गेल्यापासून नवऱ्याची दुचाकी बरेच दिवस पार्किंगमध्येच असते. मेट्रोचा आवाज रेल्वेच्या मानाने अगदीच किरकोळ.

कागदपत्रांत कसूर करू नका. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेची ना-हरकत लागते, ती आणि पूर्णत्वाचा दाखला स्वतः डोळ्यांखालून घाला. आम्हाला ‘नंतर देतो’ असं ऐकवलं गेलं, आम्ही ती हातात पडेपर्यंत टोकन दिलं नाही. लोणावळ्यापर्यंतच्या तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचा विषय बरीच वर्षं चालू आहे. ती झाली तर रूळ कुठल्या बाजूला सरकतील, आपल्या कुंपणापासून किती अंतर उरेल, हे मोजणीचा नकाशा घेऊन विचारा. या मार्गावर घर घेणाऱ्याने भावाची घासाघीसही याच मुद्द्यांवर करावी, आम्ही केली आणि विकणाऱ्याने ऐकलं.

आमच्या विंगमध्ये सध्या दोन फ्लॅट विकायला आहेत. एकात दोन्ही बेडरूम रुळाकडे आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकघर आणि हॉल रुळाकडे, बेडरूम मागे. मामेबहिणीला मी दुसरा बघायला सांगितलाय, भाव थोडा जास्त असला तरी, आणि तोही रात्रीच्या मालगाडीच्या वेळी येऊन.