आज किती जोर लावायचा? प्रयोगशाळा, घड्याळ की स्वतःचा दम

व्यायामशास्त्रातलं पुष्कळसं संशोधन धावणाऱ्याच्या कामी येतं ते एकाच रोजच्या प्रश्नाला: आज किती जोर लावायचा? तो मोजायचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत.

प्रयोगशाळेतली लॅक्टेट चाचणी सगळ्यांत नेमकी. लॅक्टेट म्हणजे स्नायू जोरात काम करू लागले की रक्तात वाढणारा पदार्थ. ट्रेडमिलचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात आणि प्रत्येक टप्प्याला बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेतात. लॅक्टेट आधी फारसं हलत नाही, मग चढू लागतं, पुढे झपाट्याने. ते वळण तुमच्याच शरीराचं असतं, सरासरी माणसाचं नाही. मात्र आदल्या दिवशी लांब पल्ला मारून स्नायूंमधलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपवलं असेल, तर आकडे कमी येतात आणि उगाच आपण फार तयारीत आहोत असं वाटतं. शिवाय दोन-तीन महिन्यांच्या सरावाने वळणाची जागा सरकते. स्पर्धा ठरलेली असेल, प्रशिक्षक अहवाल वापरणार असेल आणि चाचणी पुन्हा करायची तयारी असेल, तरच या वाटेला जा. एरवी तो कागद खणातच राहतो.

घड्याळाचं प्रकरण जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. त्यातले ठोक्यांचे रंगीत पट्टे पुष्कळदा ‘220 वजा वय’ या, हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके सांगणाऱ्या सूत्रावर बेतलेले असतात. हे सूत्र 1971 साली फॉक्स आणि सहकाऱ्यांच्या लेखातून पसरलं, पण त्यासाठी वेगळा अभ्यास झालाच नव्हता. उपलब्ध आकड्यांवरून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. 2001 मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ‘208 वजा वयाच्या 0.7 पट’ असं सुधारित सूत्र दिलं. गंमत अशी, की चाळिशीत दोन्हींचं उत्तर 180 येतं; साठीत मात्र एक 160 सांगतं, दुसरं 166.

खरी अडचण सूत्र बदलूनही सुटत नाही. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत दहा-बारांचा फरक सर्रास असतो. समजा, चाळिशीतल्या एकीचे कमाल ठोके 192 आहेत आणि दुसरीचे 168. घड्याळ दोघींनाही ‘सावकाश धाव, 126 पर्यंत’ म्हणणार, म्हणजे 180 चे 70 टक्के. पहिलीला ते रटाळ वाटेल. दुसरीच्या बाबतीत तेच 126 कमालीच्या 75 टक्के होतात, आणि सावकाश म्हणून धावलेला दिवस तिला थकवून जातो. त्यात मनगटावरचा प्रकाश-सेन्सर थंडीत, सैल पट्ट्यात किंवा वजन घट्ट धरल्यावर गडबडतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. उन्हात मात्र वेग तोच असूनही ठोके चढतात. तो दोष यंत्राचा नव्हे.

तिसरा मार्ग स्वतःच्या दमाचा. तो फुकटचा, म्हणून त्याला कुणी फारसं मोजत नाही. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची श्रमाची मोजपट्टी 6 ते 20 अशी विचित्र आहे, कारण आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाचे ठोके साधारण कळावेत, अशी ती योजना होती. त्याहून सोपी बोलण्याची कसोटी: पूर्ण वाक्यं सहज बोलता आली तर जोर हलका, तुटक बोलावं लागलं तर मध्यम ओलांडला, शब्दच फुटेना तर जोरदार. अमेरिकी व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी पुढची पायरी सुचवली: सराव संपल्यावर अर्ध्या तासाने ‘एकूण किती जड गेलं’ याला 0 ते 10 गुण द्यायचे आणि मिनिटांनी गुणायचं. 45 मिनिटं, गुण 4, म्हणजे भार 180. आठवड्याची बेरीज एकदम उसळली, की सावध व्हायचं. नवख्यांचे गुण सुरुवातीला डळमळीत असतात आणि घोळक्यात धावणारे कधीकधी कमी गुण देतात, हेही खरं.

माझा कौल बहुतेकांसाठी तिसऱ्यालाच: रोजचा जोर दमावर ठरवा, घड्याळ नोंदींपुरतं ठेवा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना तर निवडीला वावच कमी. ते औषध ठोके फारसे वर जाऊ देत नाही, त्यामुळे पट्ट्यांचे आकडे त्यांच्यासाठी चुकतात. त्यांनी डॉक्टरांना विचारून मर्यादा ठरवावी आणि धावताना सोबत कुणीतरी बोलणारं असू द्यावं.