कुडाळजवळचं घरगुती आगळ (कोकमाचा खारवलेला रस): दोन वर्षं वापरून लिहितोय

2024 च्या मे महिन्यात कुडाळहून मालवणला जाताना एका घरासमोर "आगळ, आमसुलं, मुठेल मिळेल" अशी खडूने लिहिलेली पाटी दिसली म्हणून गाडी थांबवली. दुकान असं काही नाहीच, पडवीत एक टेबल त्यावर बाटल्या, आणि अंगणात ताडपत्रीवर रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं वाळत घातलेली, वास असा की उतरता उतरताच तोंडाला पाणी सुटलं.

आगळाची 750 मिलीची बाटली 180 रुपयांना घेतली. त्यात रातांब्याचा रस आणि मीठ, बस. विकणाऱ्या काकूंनी बरणी उघडून दाखवली, फोडलेली सालं मिठात मुरून त्यांचा रस वर आलेला, जवळजवळ काळपट लाल. आमसुलांचं काम तर बघत राहावं असं आहे, साल वाळवायची, परत रसात बुडवायची, परत उन्हात, अशी पुटं चढवत जायची, म्हणून चांगलं आमसूल हाताला चिकट आणि जड लागतं. बिया पण टाकत नाहीत, त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, निघतं, भेगा पडलेल्या टाचांना आमची आजी तेच लावायची.

आता चव. पुण्यात सुपरमार्केटमधून आणलेल्या तयार सोलकढीचा रंग कायम गडद गुलाबी, आणि मला वाटायचं तसाच असतो. या आगळाचे दोन चमचे नारळाच्या दुधात घातले तर रंग एकदम फिका, मावळतीच्या आभाळासारखा, पण घोट घेतला की आंबटपणा जिभेच्या कडेला लागतो आणि मागून लसूण-मिरची येते. मीठ अजिबात घालू नका, आगळात भरपूर असतं. माझी मुलगी दुसरी कुठली सोलकढी आता पीतच नाही.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, 2016 पासून, चांगलंच आहे ते, पण माझा विश्वास बसला तो 2025 मध्ये. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला. मी मुद्दाम वाट वाकडी करून आमसुलं घ्यायला गेलो, किलोभर पाहिजे म्हटलं, समोर ढीग दिसत होता, तर काकू म्हणाल्या, "पाऊस लवकर इलो, ऊनच नाय गावलां, ही घेव नकात, बुरशी येतली." एवढ्या लांबून आलेलं गिऱ्हाईक, पैसे हातात घेऊन उभं, आणि ही बाई नको म्हणतेय. आगळ तेवढं चांगलं होतं ते दोन बाटल्या दिलं. असं मला मॉलमध्ये आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही, कारण तिथे विकणाऱ्याने ते आमसूल उन्हात बघितलेलंच नसतं ना.

तक्रार एकच, बाटलीचं झाकण. घाटात एक बाटली गळली आणि डिकीतली चादर गेली, आगळाचा डाग निघत नाही. काकूंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या पुढच्या वेळी मेण लावून देते.

कुरिअर करत नाहीत, तिथेच जावं लागतं. एप्रिलच्या शेवटापासून पाऊस येईपर्यंत जा, आधी नवीन माल नसतो. आगळ फ्रीजबाहेर वर्षभर टिकलंय माझ्याकडे, फक्त चमचा कोरडा पाहिजे.